आठवड्याचे आठ तास: नोकरदारांसाठीच्या बालग्रंथालय इंटर्नशिपचं परीक्षण

पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याने ग्रंथालयाच्या बालविभागात इंटर्नशिप घ्यावी का? घ्यावी, पण वेळापत्रकाची बोलणी आधी करून. कामं सगळीकडे साधारण तीच असतात: पुस्तकं जागेवर लावणं, देवघेव, नोंदी, दुरुस्ती, गोष्टींचा तास. यातलं आपल्या वाट्याला काय येणार, हे मात्र आपल्या येण्याच्या वेळेवर ठरतं. कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता येणाऱ्याच्या हातात ट्रॉली पडते, कारण तोवर मुलं घरी गेलेली असतात आणि दिवसभराची परत आलेली पुस्तकं टेबलावर साचलेली असतात. सुट्टीच्या सकाळी येणाऱ्याला मुलं भेटतात. फक्त संध्याकाळच्या पाळ्या घेतल्या, तर इंटर्नशिप संपेपर्यंत बालग्रंथालय कळतं, बालवाचक कळत नाही.

आधी हिशेब. १२० तासांची इंटर्नशिप धरू. आठवड्याला आठ तास दिले तर १५ आठवडे लागतात, सहा दिले तर २०. प्रत्यक्षात कार्यालयातली महिनाअखेर येते, कुणी आजारी पडतं, ग्रंथालयाला सुट्टी असते. त्यामुळे १५ आठवड्यांसाठी १८ आठवड्यांची मुदत मागून घ्यावी. ती सुरुवातीलाच मागितली तर सहज मिळते, शेवटी मागितली तर सबब वाटते. आठ तासांची वाटणी सुट्टीच्या दिवशी पाच आणि मधल्या एका संध्याकाळी तीन अशी सगळ्यांत चांगली बसते. दोन-दोन तासांच्या चार संध्याकाळी कागदावर सोप्या दिसतात, पण त्या फसव्या आहेत. प्रत्येक पाळीत आधीच्या माणसाचा निरोप घेणं, संगणकावर लॉगिन करणं, ट्रॉली आवरणं आणि शेवटी हिशेब लावणं यात अर्धा तास जातोच. दोन तासांच्या पाळीत हा चौथा हिस्सा झाला, पाच तासांच्या पाळीत दहावा. दोन्ही सुट्ट्याही देऊन टाकू नयेत. पहिला महिना उत्साहात निघतो आणि मग नोकरीत आणि ग्रंथालयात एकदमच चुका व्हायला लागतात.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, पण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. नोकरीच्या करारात ‘अन्यत्र काम करण्यास मनाई’ असं कलम असेल, तर ते बिनपगारी कामालाही लागू पडू शकतं. मनुष्यबळ विभागाला ईमेल करून लेखी होकार घ्यावा, तोंडी नको. मुलांमध्ये काम असल्यामुळे चारित्र्य पडताळणी मागितली जाते आणि तिला काही आठवडे लागू शकतात. ती पूर्ण होईपर्यंत चांगलं ग्रंथालय तुम्हाला मुलांमध्ये जाऊ देत नाही. बालसुरक्षेचं प्रशिक्षण अनेकदा कामाच्या दिवशी, भर दुपारी ठेवलेलं असतं. त्यासाठी एक रजा आधीच बाजूला ठेवावी.

‘बालविभाग’ म्हणजे नेमका कोणता वयोगट, हेही पहिल्याच भेटीत विचारावं. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे इफ्लाने, २०१८ साली प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वं शून्य ते अठरा वर्षांपर्यंतच्या सगळ्यांसाठी आहेत. आठ महिन्यांचं बाळ आणि सतरा वर्षांचा मुलगा एकाच दारातून आत येतात, पण दोघांसाठी लागणारं कौशल्य पूर्ण वेगळं असतं. आठ तासांत सगळं शिकता येत नाही. एक गट निवडावा.

सुरुवातीचे तीन-चार आठवडे पुस्तकं लावण्यात जातात. याला कमी लेखणारे पुढे अडखळतात, कारण बालविभागाची मांडणी मोठ्यांच्या विभागापेक्षा किचकट असते. चित्रपुस्तकं लेखकाच्या आद्याक्षरावर, वाचायला शिकणाऱ्यांची पुस्तकं पातळीच्या रंगीत पट्टीवर, माहितीपर पुस्तकं ड्युई दशांश वर्गांकावर, अशा तीन पद्धती एकाच खोलीत नांदतात. १८७६ साली पहिल्यांदा छापलेली ड्युई पद्धत ज्ञानशाखांप्रमाणे विभागलेली आहे. म्हणून लोककथा कथा-कादंबऱ्यांशेजारी न बसता ३९८.२ वर, समाजशास्त्रांच्या घरात जातात. डायनासोर ५६७.९ वर, ग्रहतारे ५२३ वर, गाड्या ६२९.२ वर. एवढे चार-पाच वर्गांक तोंडपाठ असले की मुलांच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं उठून चालत जाऊन देता येतात.

नवख्यांची ठरलेली चूक दशांशात होते. मांजरकुळाचा वर्गांक ५९९.७५ आणि माकडांचा ५९९.८. पंचाहत्तर हा आकडा आठापेक्षा मोठा वाटतो म्हणून वाघ माकडांच्या नंतर जाऊन बसतो. दशांशचिन्हानंतर एकेक अंक वेगळा वाचायचा, सात आधी, आठ नंतर. चुकीच्या जागी लागलेलं पुस्तक संगणकावर ‘उपलब्ध’ दिसतं आणि कपाटात सापडत नाही. हरवलेल्या पुस्तकाची निदान नवी प्रत मागवता येते. क्रम तपासण्याचं काम, ज्याला ग्रंथालयात शेल्फ रीडिंग म्हणतात, सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त करू नये. त्यानंतर डोळे आकड्यांवरून नुसते घसरतात, आणि दिवसभर स्क्रीनसमोर बसून आलेल्याचे तर लवकरच. चित्रपुस्तकांच्या बाबतीत अचूक क्रमाचा हट्ट सोडावा. त्यांचा कणा इतका बारीक असतो की चिठ्ठी वाचता येत नाही, आणि पाच वर्षांचं मूल पुस्तक मुखपृष्ठावरूनच शोधतं. ती खोक्यात दर्शनी बाजू पुढे करून ठेवणं हीच योग्य मांडणी. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतलं पहिलंच सूत्र पुस्तकं वापरासाठी असतात हे आहे. नवी सुंदर पुस्तकं मळतील म्हणून काचेच्या कपाटात ठेवणाऱ्या विभागात इंटर्नशिप घेताना दोनदा विचार करावा.

नोंदींचं काम, म्हणजे तालिकीकरण, नोकरदार इंटर्नला फार मानवतं. संध्याकाळच्या शांत तीन तासांत ते नीट होतं आणि दाखवण्याजोगं असतं. बरीच ग्रंथालयं कोहा नावाचं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरतात. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेसाठी १९९९ मध्ये बनवलेली ही मुक्त प्रणाली आहे. घरच्या संगणकावर तिची चाचणी आवृत्ती लावून हात बसवता येतो, आणि परवाना विकत घ्यावा लागत नाही. नवी नोंद करण्याआधी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, टाकून शोध घ्यायचा, हा नियम मोडला की एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी होतात आणि राखून ठेवलेली प्रत भलत्याच सभासदाच्या नावावर अडकते. २००७ च्या आधीच्या पुस्तकांवर दहा अंकी आयएसबीएन असतो, त्यानंतरच्या पुस्तकांवर तेरा अंकी. दहा अंकांच्या पुढे नुसतं ९७८ जोडून चालत नाही, शेवटचा तपासणी अंक बदलतो. म्हणून जुनं पुस्तक ‘सापडत नाही’ असं दिसलं तर दोन्ही रूपांत शोधावं.

मार्क म्हणजे संगणकाला वाचता येईल असा नोंदीचा ठरलेला साचा, आणि त्यातला प्रत्येक क्रमांकित रकाना म्हणजे क्षेत्र. मार्क नोंदीतली तीन-चार क्षेत्रं बालविभागात नेहमीपेक्षा जास्त महत्त्वाची ठरतात. ००८ या क्षेत्रात २२ व्या स्थानावर वाचकगटाचं अक्षर येतं: ए म्हणजे शाळेआधीचं वय, बी म्हणजे साधारण सहा ते आठ, सी म्हणजे नऊ ते तेरा, डी म्हणजे त्यापुढची किशोरवयीन मुलं. नेमका गट माहीत नसेल तर जे, म्हणजे सरसकट बालवाचक. हे स्थान रिकामं सोडलं की वयानुसार केलेल्या शोधात ते पुस्तक कधीच वर येत नाही. ५२० मध्ये दोन ओळींचा सारांश असतो. तो प्रकाशकाच्या जाहिरातीतून उचलू नये, त्यातून शिक्षकाला काहीच कळत नाही. चित्रकाराचं नाव ७०० मध्ये स्वतंत्र द्यावं. चित्रपुस्तकात चित्रकार लेखकाच्या बरोबरीचा असतो, आणि ‘याच चित्रांवालं दुसरं द्या’ ही मागणी रोजची.

देवनागरी पुस्तकांच्या नोंदी हे वेगळंच जंगल आहे. एकाने ‘गंमत’ टंकलेलं असतं, दुसऱ्याने ‘गम्मत’. ‘ऱ्य’ हे जोडाक्षर दोन वेगळ्या कळक्रमांनी उमटतं, डोळ्यांना एकच दिसतं आणि संगणकाला वेगळं, त्यामुळे अक्षर न अक्षर बरोबर टंकूनही शोध रिकामा येतो. उपाय तसा साधा आहे. शीर्षकाचा जोडाक्षर नसलेला तुकडा आणि लेखकाचं आडनाव मिळून शोधायचं, आणि नोंद सापडली की शीर्षकाचं दुसरं लेखन २४६ या क्षेत्रात भरून ठेवायचं. इंटर्नला स्वतंत्र प्रकल्प हवा असेल तर हा मागून घ्यावा: एका कपाटातल्या दोनशे देवनागरी पुस्तकांच्या नोंदी तपासून दुरुस्त करणं. ग्रंथपालांना त्यासाठी सवड मिळत नाही, काम मोजता येतं, आणि त्याचा उपयोग दुसऱ्या दिवसापासून दिसतो.

लॉगिन मात्र स्वतःचंच हवं. ग्रंथपालाचा पासवर्ड वापरून काम करायला सांगितलं तर नम्रपणे नकार द्यावा. माफ केलेला दंड आणि पुसलेली नोंद कुणाच्या नावावर चढते, हा प्रश्न नंतर उभा राहतो. मुलांच्या देवघेवीची यादी गप्पांत वापरायची नसते, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

आता गोष्टींचा तास. इंटर्नशिपचा खरा मोबदला इथे आहे आणि थकव्याचा फटकाही इथेच बसतो. दमलेला माणूस पुस्तकं लावू शकतो, नोंदीही करू शकतो. दमलेल्या माणसाने सांगितलेली गोष्ट मात्र मुलं दोन मिनिटांत ओळखतात आणि उठून चालू लागतात. कार्यालयातून थेट येऊन गोष्टींचा तास घेऊ नये, तो सुट्टीच्या सकाळीच मागावा. पहिला महिना नुसतं बघायचं, दुसऱ्या महिन्यात एक पुस्तक आपण वाचायचं, पूर्ण तास तिसऱ्या महिन्यात.

बाळं आणि पालक असा गट असेल तर १५ ते २० मिनिटं पुरतात, तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी २५ ते ३०. अर्ध्या तासात तीन पुस्तकं बसतात आणि त्यांच्या मधे दोन बडबडगीतं किंवा हातवाऱ्यांचे खेळ. सगळ्यांत लांब पुस्तक पहिलं वाचायचं. लक्ष तेव्हाच ताजं असतं, आणि बहुतेक नवखे नेमकं ‘सर्वांत छान’ म्हणून ते शेवटी ठेवतात. चित्रपुस्तक सहसा ३२ पानांचं असतं, कारण छपाईचा मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा जुडगा होतो. पण ३२ पानं म्हणजे ठरावीक वेळ नव्हे. एका पानावर एक ओळ असलेलं पुस्तक चार मिनिटांत संपतं, दहा ओळी असलेलं पंधरा मिनिटं खातं. तीन वर्षांच्या मुलांसाठी पानाला दोन-तीन ओळींच्या वर जाऊ नये. वहीच्या पानाएवढी छोटी पुस्तकंही टाळावीत, दुसऱ्या रांगेनंतर चित्र दिसत नाही.

बसायची जागा आधी बघून ठेवावी. पाठीमागे भिंत हवी. खिडकी असेल तर उजेडामुळे चित्र काळवंडतं, आणि दार असेल तर प्रत्येक येणाऱ्याकडे पंधरा माना वळतात. पुस्तक खांद्याच्या उंचीवर, शरीराच्या एका बाजूला धरायचं आणि पानं खालच्या कोपऱ्यातून उलटायची, म्हणजे हात चित्रावर येत नाही. या अवस्थेत मजकूर तिरका दिसतो. म्हणून तो जवळपास पाठ हवा, म्हणजे घरी तीनदा मोठ्याने वाचलेला. ही तयारी आठ तासांत धरलेली नसते. धरावी असा आग्रह करावा, आणि तो मान्य झाला नाही तर महिन्यातून एकच गोष्टींचा तास घ्यावा.

नुसतं वाचून दाखवण्यापेक्षा विचारत वाचणं उपयोगी. मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेली संवादी वाचनाची पद्धत बालग्रंथालयांत आता सर्रास शिकवतात. मुलाला प्रश्न विचारायचा, उत्तराला दाद द्यायची, त्यात एक-दोन शब्दांची भर घालायची आणि मुलाकडून ते वाक्य पुन्हा म्हणवून घ्यायचं. मूल ‘कुत्रा’ म्हणालं की आपण ‘हो, ओला कुत्रा’ म्हणायचं. मूळ पद्धत एका मोठ्याने एक-दोन मुलांसोबत वाचण्याची आहे. वीस मुलांच्या घोळक्यात प्रत्येक पानावर प्रश्न विचारला तर गोष्टीचा धागा तुटतो आणि धीट असलेली तीनच मुलं बोलत राहतात. एका पुस्तकात तीन ठिकाणी थांबावं, आणि त्या पानांना आधीच चिठ्ठी लावून ठेवावी.

बिनसतं ते बहुधा ठरलेल्या जागीच. उशिरा आलेलं कुटुंब मधून चालत जातं, म्हणून दाराजवळ दोन चटया रिकाम्या ठेवाव्यात. एखादं मूल पुस्तकाला हात लावायला पुढे येतं. त्याला दटावण्यापेक्षा पान उलटायला सांगितलं की ते बाजूला बसून राहतं. मागे पालकांच्या गप्पा रंगतात. सुरुवातीच्या गाण्यात त्यांना उभं करून सामील करून घेतलं तर आवाज निम्मा होतो, पाटी लावून होत नाही. आणि गोष्टीच्या तासाचं चित्रीकरण करून ऑनलाइन टाकायची टूम निघाली तर आधी प्रकाशकाची परवानगी विचारावी. खोलीत वाचणं वेगळं, पूर्ण पुस्तक इंटरनेटवर दाखवणं वेगळं.

दुरुस्तीचं काम मागून घ्यावं. बालविभागातली पुस्तकं बहुतेक बिजागरीतून निखळतात, कारण मुलं ती उघड्या पुठ्ठ्याला धरून उचलतात. पुठ्ठा आणि पानांचा गठ्ठा यांच्या सांध्यात फट पडलेली असते. विणकामाची बारीक सुई पांढऱ्या पीव्हीए गोंदात बुडवायची, पुस्तक उभं धरून ती फटीत फिरवत घालायची, हेच दुसऱ्या टोकाकडून आणि दुसऱ्या बाजूला करायचं. मग पुठ्ठा मिटून खाचेवरून हाडाच्या घोटणीने दाब द्यायचा, आत दोन्हीकडे बटर पेपर ठेवायचा आणि वर वजन ठेवून रात्रभर सोडायचं. गोंद जास्त झाला की तो पानांत झिरपतो आणि पहिली आठ-दहा पानं एकमेकांना चिकटतात. सुईवरून थेंब गळत असेल तर तो जास्तच आहे असं समजावं. सुटलेलं एकटं पान आतल्या कडेला दोन-तीन मिलिमीटर गोंदाची रेघ देऊन बसवता येतं. साधी सेलोटेप कधीही वापरू नये, तिचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडून पानात उतरतो आणि मग ते पान वाचवता येत नाही. बुरशीचा वास येणारं पुस्तक दुरुस्तीच्या टेबलावर आणूच नये, वेगळ्या पिशवीत बंद करून ग्रंथपालाला सांगावं.

पुस्तकं बाद करण्याचा निर्णय इंटर्नचा नसतो. यादी काढून देणं त्याच्याकडे येतं, आणि त्यात जुन्या माहितीची पुस्तकं आधी तपासावीत. २००६ मध्ये प्लूटोचं वर्गीकरण बदललं, तरी नऊ ग्रह सांगणारी पुस्तकं मुलांच्या कपाटांत अजून सापडतात.

सुरक्षेच्या नियमांत सवलत नाही. मुलांसोबत एकट्याने बंद खोलीत थांबायचं नाही, नेहमी दुसरा मोठा माणूस दिसेल अशा जागी असायचं. फोटो काढायचे नाहीत, मुलाने मागितला तरी स्वतःचा फोन नंबर द्यायचा नाही. बंद व्हायच्या वेळी घ्यायला कुणी आलं नाही अशा मुलाचं काय करायचं, याची लेखी कार्यपद्धती पहिल्याच दिवशी मागावी. आपल्या गाडीवर घरी सोडणं हे त्याचं उत्तर नसतं, हेतू कितीही चांगला असला तरी.

या व्यवस्थेची सगळ्यांत कच्ची बाजू मार्गदर्शनाची आहे. बालविभागाचा मुख्य ग्रंथपाल बहुतेक वेळा कामाच्या दिवशी दिवसा असतो, तर नोकरदार इंटर्न संध्याकाळी आणि सुट्टीला येतो. दोघांची गाठच पडत नाही, आणि पाळीवरचा कर्मचारी भला असला तरी शिकवणं हे त्याचं काम नसतं. पंधरा दिवसांतून एकदा वीस मिनिटांची भेट, फोनवर का होईना, करारातच लिहून घ्यावी. त्यासाठी एक साधी नोंदवही ठेवावी: तारीख, तास, काम, आणि न समजलेला एक प्रश्न. प्रश्नाचा रकाना भरलेला असला की वीस मिनिटं हवापाण्याच्या गप्पांत जात नाहीत. अशी भेट द्यायला ग्रंथालय तयार नसेल तर त्यांना इंटर्न नको असून पुस्तकं लावायला माणूस हवा आहे. मग तिथे स्वयंसेवक म्हणून जायला हरकत नाही, इंटर्नशिप दुसरीकडे शोधावी.

ज्यांची नोकरी फिरतीची आहे किंवा पाळ्या दर आठवड्याला बदलतात, त्यांच्यासाठी गोष्टींचा तास जवळपास अशक्य आहे. मुलं माणूस बघून येतात, दर वेळी नवा चेहरा चालत नाही. अशांनी नोंदी आणि दुरुस्ती एवढंच मागावं. ठरलेल्या वेळेची नोकरी असणाऱ्यांनी मात्र गोष्टींचा तास सोडू नये.

शेवटच्या आठवड्यात प्रमाणपत्राचा मजकूर स्वतः टंकून न्यावा. ‘बालविभागात मोलाचं सहकार्य केलं’ अशा मोघम वाक्याला नोकरीच्या अर्जात किंमत नाही. एकूण तास, वापरलेली प्रणाली, तपासलेल्या नोंदींची संख्या, घेतलेले गोष्टींचे तास आणि वयोगट, दुरुस्त केलेली पुस्तकं हे सगळं आकड्यांत लिहावं आणि नोंदवहीची प्रत सोबत जोडावी. ग्रंथपालाला फक्त तपासून सही करायची असली, की ते त्याच दिवशी हातात पडतं.